टांगा अड्ड्याचा जिना

महालक्ष्म्यांपुढची आरास हा परतूरकरांचा कुळाचार नव्हता, तो गिरिधररावांचा छंद होता. कुळाचार सगळा रजनीताईंच्या ताब्यात. ज्येष्ठा-कनिष्ठेच्या साड्या, पुरण, सोळा भाज्या, आंबील, कुणाच्या हातची कोशिंबीर आणि कुणाच्या हातचे वडे, यात गिरिधररावांचं मत कुणी विचारत नसे. म्हणून त्यांनी मुखवट्यांपुढची जागा धरली होती, आणि ती सोडायला ते तयार नव्हते.

पाटबंधारे खात्यात ते आरेखक होते. आयुष्यभर कालव्यांचे आणि मोऱ्यांचे नकाशे काढलेला माणूस. निवृत्त झाला म्हणून हाताची खाज थोडीच जाते? त्यांची आरास मोजूनमापून असायची. एका वर्षी धरण केलं होतं, ते नैवेद्याच्या वेळेलाच फुटलं आणि पाणी पुरणात शिरलं. एका वर्षी अख्खं बसस्टँड उभं केलं. हळदीकुंकवाला आलेल्या बायका त्याकडे बघून ‘छान आहे’ म्हणायच्या आणि लगेच कनिष्ठेच्या नथीकडे वळायच्या. गिरिधररावांना याचा राग यायचा, पण दरवर्षी नव्यानं यायचा.

यंदा मेट्रो होती. कोणत्या शहरातली ते सांगायला नको. नाव घेतलं की तिथली माणसं ‘असं नाही, तसं आहे’ म्हणून वाद घालत बसतात आणि गोष्ट राहते बाजूला. जालन्याहून संध्याकाळच्या गाडीत बसलं की सकाळी ते शहर येतं, एवढं पुरे. गिरिधररावांचा एकुलता एक मुलगा अपूर्व तिथं मेट्रोच्या कामावर इंजिनिअर होता, आणि त्या लाईनीवरचं टांगा अड्डा हे स्टेशन त्याच्याकडे होतं.

पुठ्ठा, आइस्क्रीमच्या काड्या आणि जुने नकाशे गुंडाळायच्या नळ्या एवढ्यावर गिरिधररावांनी सगळी लाईन दिवाणखान्यात उतरवली होती. खेळण्याची गाडी बाजारातून आणली, ती तेवढी विकतची. गाडी चालवायचं बटण त्यांनी स्वतःच्या हातात ठेवलं होतं. डाव्या हातात बटण, उजव्या हातात लाकडी पट्टी. गाडी स्टेशनात आली की बटण सोडायचं, पट्टी टेकवायची आणि त्या स्टेशनाचा इतिहास सांगायचा. आलेल्या माणसाला हळदीकुंकू लागलेलं असो वा नसो, इतिहास ऐकल्याशिवाय सुटका नव्हती.

“हा कवठीचा मळा. इथं खरोखरची कवठं होती. आता गाड्या झोपतात, कारशेड म्हणतात त्याला. ही सूतगिरणी. गिरणी बंद पडली, पण धुराडं पाडलं न्हाई, स्टेशनातून बराबर समोर दिसतं. हा हत्ती तलाव. पहिल्या नकाशात लाईन काठाकाठानंच जाणार होती. माती भुसभुशीत निघाली, वरून लोकांनी सह्या केल्या, मंग लाईन वळवली जुन्या तुरुंगाकडं. कैदी गावाबाहेर गेल्ते, जागा मोकळीच होती. हा कापडबाजार. इथल्या व्यापाऱ्यांनी मेट्रो नको म्हणून दुकानं बंद ठेवल्ती. आज त्याच दुकानांवर काय लिहिलंय? मेट्रो स्टेशनसमोर!”

इथं ते हसायचे आणि ऐकणाऱ्यांनीही हसावं म्हणून थोडं थांबायचे.

“बरीच वर्षं गाडी इथवरच यायची अन् माघारी फिरायची. गेल्या साली दिवाळीच्या आधी पुढचा टप्पा चालू झाला. नवा पूल, विद्यापीठ. अन् त्या टप्प्यातलं हे पहिलं स्टेशन, टांगा अड्डा. इथं टांगे उभे राह्यचे. घोड्यांच्या पाण्याचा दगडी हौद होता, तो तसाच ठेवून त्याच्यावर स्टेशन उभं केलं. कुणी केलं?”

कुणी केलं ते सांगायची गरज नव्हती. टांगा अड्ड्याला झेंडूची माळ होती आणि छपरावर काडीला चिकटवलेला कागदी झेंडा: अपूर्व गिरिधर परतूरकर. बाकीच्या स्टेशनांवर गाडी जेमतेम टेकायची. टांगा अड्ड्यावर ती इतकी थांबायची की खऱ्या मेट्रोत लोकांनी तक्रार केली असती.

आवाहनाच्या दिवशी, संध्याकाळच्या सुमारास, शेजारच्या इचरजबाई आल्या. राजस्थानातून त्यांची माणसं कधीकाळी जालन्यात आली आणि सराफ्यात मुरली. इचरजबाईंना आता जालन्याबाहेरचं पाणी मानवत नाही. दरवर्षी पर्युषण संपलं की त्या शेजारीपाजारी जाऊन हात जोडायच्या. परतूरकरांकडे मात्र महालक्ष्म्या यायची वाट बघायच्या, म्हणजे माफी आणि दर्शन दोन्ही एका फेरीत होई. या वेळी सोबत नातसून होती, रितिका. तिचा नवरा नमन नोकरीला त्याच मेट्रोच्या शहरात, आणि ती पर्युषणापुरती सासरी आलेली.

“गिरिधरभाऊ,” इचरजबाई हात जोडून म्हणाल्या, “सालभरात बोलण्या-चालण्यात काही कमीजास्त झालं असंल, तर मिच्छामि दुक्कडम्.”

“अहो काकी, तुमचं कसलं चुकतंय,” गिरिधरराव दरवर्षीसारखं म्हणाले आणि दरवर्षीसारखंच घाईनं म्हणाले, कारण त्यांना गाडी सुरू करायची होती. समोरच्या घरातल्या कौसल्याबाई आधीच येऊन बसल्या होत्या. एकदा ऐकून झालं होतं तरी त्या उठल्या नव्हत्या. पाहुणी नवी होती ना.

गाडी निघाली. कवठीचा मळा झाला, धुराडं झालं, कैदी झाले, कापडबाजारावरचं हसू झालं. रितिका खरोखर मन लावून बघत होती, आणि गिरिधररावांना ती पोरगी फार आवडली. गाडी टांगा अड्ड्यावर थांबली. झेंडा, हौद, अपूर्व, सगळं सांगून झालं.

“काका,” रितिका म्हणाली, “इथं गाडी थांबत नाही.”

“कुठं?”

“टांगा अड्ड्याला. मी रोज जाते ना. विद्यापीठाला बसते, मग नवा पूल, मग थेट कापडबाजार. हे मधलं अजून बंद आहे. दिवे लागलेले असतात, सगळं चकाचक दिसतं, पण गाडी सरळ निघून जाते.”

आत कुकरची शिट्टी झाली.

“तू दुसऱ्या लाईनीनं जात असशील, पोरी.”

“दुसरी लाईन कुठंय काका? एकच तर आहे.”

इचरजबाईंनी नातसुनेचा दंड धरला. “चल जल्दी. आत्ता माफी मागून बसले, परत मागायला लावती का मला?” मुखवट्यांना नमस्कार करून त्या उठल्यासुद्धा. रितिका बिचारी कावरीबावरी झाली होती. आपण काय केलं, हे तिला घरी जाईपर्यंत कुणी सांगितलं नसणार.

कौसल्याबाई मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. “पण भाऊजी, तुम्ही तर पेढे वाटल्ते की.”

“चालू स्टेशन आहे ते,” गिरिधरराव कडाडले. “माझ्या पोरानं बांधलंय. तिला काय कळतंय!” आणि त्यांनी गाडी पुन्हा मागं नेऊन टांगा अड्ड्यावर आणली आणि कौसल्याबाई उठून जाईपर्यंत तिथंच उभी ठेवली.

रजनीताई स्वयंपाकघरात उद्याच्या पुरणाची डाळ निवडत होत्या. गिरिधरराव दारात येऊन उभे राहिले.

“ऐकलं का, ती पोरगी काय म्हणाली?”

रजनीताईंनी मान वर केली नाही. ‘काय म्हणाली’ असंही विचारलं नाही. डाळीतला खडा शोधून त्यांनी बाजूला ठेवला आणि दुसरा शोधायला लागल्या. तेवढ्यावरून गिरिधररावांना सगळं कळलं. इतक्या वर्षांच्या संसारात माणूस बायकोचं बोलणं एक वेळ ऐकत नाही, पण गप्प बसणं बरोबर ओळखतो.

“तुला म्हाईत होतं.”

“हो.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून,” रजनीताई म्हणाल्या. “त्यानं फोन केला, बाबा, आपली लाईन सुरू झाली आज. तुम्ही पुढचं ऐकलं का? फोन ठेवला अन् चपला घालून बाहेर. त्यानं लगेच मला लावला. म्हणाला, आई, लाईन सुरू झाली, पण माझं स्टेशन न्हाई झालं, बाबांना सांग. मी सांगणारच होते. तर तुम्ही आलात रिकामा खोका घेऊन. सगळ्या कॉलनीत वाटून आल्ता. ऑफिसातल्या जुन्या माणसांच्या घरीसुद्धा जाऊन आल्ता. मंग मी काय करू? लोकांच्या तोंडातला पेढा काढून घेऊ?”

“नंतर सांगायचं.”

“नंतर तुम्ही राजूरला गेल्ता, नवस फेडायला. अनवाणी. पायाला फोड आल्ते. त्या फोडांना तेल लावता लावता सांगू का, की नवस फेडला पण काम झालंच न्हाई?”

हे खरं होतं. पोराच्या स्टेशनात गाडी थांबली की जालन्याहून राजूरच्या गणपतीला अनवाणी चालत येईन, असं गिरिधरराव बोलले होते, आणि पुढच्याच चतुर्थीला ते चालत गेले होते. गणपतीपुढे हात जोडून उभं असताना त्यांना भरून आलं होतं. आता ते आठवून त्यांचे कान तापले. देवाला काय वाटलं असेल?

“अन् तो? त्याला स्वतःला तोंड न्हाई का? मी बाप आहे त्याचा. मला सांगायला काय झालं होतं?”

आता रजनीताईंनी ताट खाली ठेवलं.

“तुम्ही फोनवर काय विचारता त्याला? आठवून बघा.”

“कसा आहेस विचारतो.”

“बिलकुल न्हाई. तुम्ही विचारता, कधी होणार. हॅलो म्हणायच्या आधी कधी होणार. शाळेत होता तेव्हा निकाल कधी, मंग नोकरी कधी, मंग स्टेशन कधी.”

“बापानं विचारू न्हाई?”

“विचारा ना. पण उत्तर त्याच्या हातात नसलं, तर पोरगं काय करणार? आईला फोन द्या म्हणतं.”

गिरिधरराव दाराच्या चौकटीला टेकले. स्टेशन बंद होतं याचं दुःख होतंच, पण ते दुसऱ्या नंबरचं. पोराची बातमी आपल्याच घरात आली, स्वयंपाकघरापर्यंत पोचली आणि तिथून दिवाणखान्यात यायला तिला वर्ष लागलं. तेही शेजारच्या सुनेच्या तोंडून. हे त्यांना फार लागलं. आणि जे लागतं त्याचा त्यांना राग येतो, असा त्यांचा स्वभाव.

“उद्या येऊन राह्यला ना तो? येऊ दे. सगळ्यांपुढं पट्टी देतो त्याच्या हातात. सांग म्हणतो, तूच सांग लोकांना तुझ्या स्टेशनाचा इतिहास. तू मात्र त्याला एक शब्द बोलायचा न्हाई.”

“सणाच्या दिवशी?”

“सणाच्याच दिवशी.”

रजनीताईंनी ताट पुन्हा मांडीवर घेतलं. “मी न्हाई बोलत,” त्या म्हणाल्या. “पण पोरगं तीन वर्षांनी महालक्ष्म्यांच्या जेवणाला येऊन राह्यलं, एवढं ध्यानात ठेवा.”

अपूर्व सकाळच्या गाडीनं आला. रिक्षातून उतरला तेव्हा गिरिधरराव फाटकातच होते. पोरगं वाळलं होतं, उन्हानं रापलं होतं, आणि कानामागं एकदोन केस पांढरे दिसत होते. तो पाया पडायला वाकला आणि गिरिधररावांच्या तोंडात शब्द तयार होऊन बसला. ‘कधी’. अगदी जिभेवर. रजनीताईंनी सांगितलं नसतं तर तो बाहेर पडला असता आणि त्यांना कळलंही नसतं. त्यांनी तो गिळला.

“गाडीला गर्दी होती का?” त्यांनी विचारलं.

अपूर्वनं चमकून वर बघितलं. “न्हाई. बसायला मिळालं.”

आत येऊन त्यानं महालक्ष्म्यांना नमस्कार केला आणि मग त्याची नजर खाली आरासीवर गेली. कवठीच्या मळ्यापासून तो एकेक बघत आला. धुराडं बघून हसला, कारण ते हुबेहूब होतं. टांगा अड्ड्यापाशी आल्यावर त्याचं हसू गेलं. माळ बघितली, झेंडा बघितला, झेंड्यावरचं स्वतःचं नाव वाचलं.

“छान केलंय बाबा,” तो म्हणाला, आणि आईला मदत करतो म्हणून आत निघून गेला.

गिरिधरराव गाडी फडक्यानं पुसत बसले. राग होता, तो त्यांनी जपून ठेवला होता. पण राग जपायचा म्हणजे त्याच्याकडे सारखं बघावं लागतं, आणि त्यांना मधेमधे पोराच्या कानामागचे ते केस दिसत होते.

दुपारी आरती झाली. घर माणसांनी भरलं. कौसल्याबाई पहिल्याच रांगेत. इचरजबाई रितिकाला घरी ठेवून एकट्या आल्या होत्या. पाटावर ताटं मांडायची होती, पण त्याआधी गाडी, हे आता कॉलनीलाही पाठ झालं होतं. अपूर्व पाण्याचा तांब्या घेऊन भिंतीला टेकून उभा होता.

“अपूर्व, बरं झालं आलास,” कौसल्याबाई गोड आवाजात म्हणाल्या. “काल ती यांची नातसून म्हणत होती, तुझ्या स्टेशनाला म्हणे...”

“थांबा कौसल्याबाई,” गिरिधरराव म्हणाले. “आधी गाडी बघा.”

त्यांनी बटण दाबलं. मळा, गिरणी, तलाव, तुरुंग. आवाज कालच्यासारखाच होता, फक्त कुठं हसायचं ते त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. कापडबाजार आला आणि गेला. आता पुढं टांगा अड्डा. बेत ठरलेला होता. गाडी थांबवायची, पट्टी पुढं करायची, म्हणायचं, हं, आता पुढचं हा सांगंल.

त्यांनी पोराकडे बघितलं. सगळी माणसं गाडीकडे बघत होती. एकटा अपूर्व बापाच्या अंगठ्याकडे बघत होता, बटणावरच्या. तांब्या त्यानं दोन्ही हातांनी धरला होता, लहानपणी प्रगतिपुस्तक धरायचा तसा.

गिरिधररावांनी अंगठा उचलला नाही.

गाडी झेंडूच्या माळेखालून, झेंड्याखालून, टांगा अड्ड्याच्या आरपार गेली आणि नव्या पुलावर चढली.

“अहो, थांबली न्हाई!” कौसल्याबाई ओरडल्या.

“न्हाई थांबत,” गिरिधरराव म्हणाले. आपला आवाज आपल्यालाच मोठा वाटला, तरी ते तसेच बोलत राहिले. “ते स्टेशन अजून चालू व्हायचंय. गेल्या साली लाईन चालू झाली, पोरानं तेवढंच सांगितलं होतं. पुढचं न ऐकता मी पेढे वाटले. घाई माझी झाली, त्याची काही चूक न्हाई. काम चालू आहे त्याचं.”

“अन् राजूरचा नवस?” कुणीतरी विचारलं.

“तो आगाऊ फेडला.”

माणसं हसली. गिरिधररावही हसले, पण त्यांना घाम फुटला होता. कौसल्याबाई काहीतरी विचारणार होत्या, तेवढ्यात इचरजबाई म्हणाल्या, “चला, ताटं वाढा बरं आता, पुरण थंड होऊन राह्यलं,” आणि विषय जेवणावर गेला. तिथून तो मागं येत नसतो.

पंगती उठल्या. घरची माणसं शेवटी जेवतात, त्याप्रमाणे दिवाणखान्यात बाप आणि मुलगा दोघंच बसले. रजनीताई वाढून आत गेल्या. त्यांनी बाहेर बसावं असं दोघांनाही वाटत होतं, कारण त्या मधे असल्या की बोलणं सोपं जायचं. पण त्या आल्या नाहीत.

दोघांनी वरणभात कालवला.

“जिना उतरायला जागा न्हाई,” अपूर्व एकदम म्हणाला. कुणी विचारलेलं नसताना.

“काय?”

“स्टेशन पूर्ण झालंय बाबा. फलाट, छप्पर, दिवे, पंखे, सगळं. पण खाली रस्त्यावर जिना जिथं उतरायचा तिथल्या जागेचा दावा चालू आहे. दुकानं आहेत तिथं. एका बाजूचा जिना अर्ध्यात थांबलाय, दुसऱ्या बाजूचा सुरूच झाला न्हाई. वर चढायला मला साइटची शिडी आहे. लोकांनी कुठून यायचं?”

गिरिधररावांचा घास हातातच राहिला. “अन् तुझी बाकीची माणसं?”

“दुसऱ्या कामावर गेली. मी आहे अन् एक वॉचमन.”

“मंग दिवसभर करतोस काय?”

अपूर्वनं वरणात बोट फिरवलं. “झाडून घेतो. दिवे तपासतो. गाडी येते, जरा हळू होते, लोक काचेतून बघतात, अन् जाते. मंग पुढची येते. पहिल्या पहिल्यांदा लहान पोरांना हात करायचो. आता न्हाई करत.” तो थांबला. “मला वाटलं, तुम्हाला लाज वाटंल.”

“वाटली ना,” गिरिधरराव म्हणाले. “काल वाटली. खोटं कशाला बोलू? सगळ्यांपुढं तुझ्या हातात पट्टी द्यायची ठरवलं होतं मी.”

“तुम्हाला कळलंय, ते मला कळलं होतं.”

“कसं?”

“तुम्ही फाटकात विचारलंत, गाडीला गर्दी होती का. असं तुम्ही जन्मात विचारलं न्हाई मला.”

दोघांनाही हसू आलं, पण ते नीट बाहेर पडलं नाही. गिरिधरराव पाणी प्याले.

“मी नोकरीला नवा होतो,” ते म्हणाले, “तेव्हा कालव्यातून फुटणाऱ्या एका चारीचा नकाशा काढला होता. पहिलाच मोठा. बिलकुल एक रेघ चुकली नव्हती. चारी खणली, अस्तर झालं, मोऱ्या झाल्या. अन् पाणी सोडायची वेळ आली तेव्हा वरच्या तोंडाला दोन गावं भांडली. अजून कोरडी आहे. लोक तिच्यातून मोटारसायकली घालतात.”

“तुम्ही कधी सांगितलं न्हाई.”

“तुझे आजोबा दर पावसाळ्यात विचारायचे, पाणी आलं का रे तुझ्या चारीला. मी म्हणायचो, येऊन राह्यलं. ते गेले तोवर मी तेच म्हणत होतो.”

गिरिधररावांनी पोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला, आणि खाल्ला नाही. वडील गेल्यावर चारीचं विचारणारं कुणी राहिलं नव्हतं, आणि तेव्हा त्यांना सुटल्यासारखं वाटलं होतं. ते सुटल्यासारखं वाटणं आज त्यांना आठवलं आणि आपल्या पोरालाही एक दिवस तसंच वाटलं असतं, हे कळलं.

“दुकानं किती रुंद आहेत?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“जिथं जिना अडलाय तिथली. अन् हौद कुठं येतो? त्याच्या अंगानं वळवून न्हाई का उतरवता येत?”

“तसं एकदा बघितलं होतं. हौदाला हात लावता येत न्हाई. पण त्याच्या मागं मोकळी पट्टी आहे थोडी.” अपूर्व पुढं सरकला आणि ताटाकडेच्या मिठातून बोटानं रेघ ओढायला लागला. “हे बघा, हा फलाट. इथून खाली आलं तर मधे हे वळण घ्यावं लागतं, अन् त्याला नकाशा नव्यानं मंजूर करावा लागतो. वर पाठवला तर किती दिवस लागतील, अन् होईल का न्हाई...”

तो बोलत गेला. कुणाशी भांडण झालं, कोणत्या साहेबानं काय ऐकून घेतलं नाही, पावसात छपरातून कुठं गळतं. इतकं तो बापाशी कधी बोलला नव्हता. गिरिधरराव ऐकत होते. टांगा अड्डा स्टेशनाचा इतिहास ते कालपासून येईल त्याला सांगत होते, आणि त्यातलं एक अक्षरही त्यांना माहीत नव्हतं.

बोलता बोलता अपूर्व अडखळला. “पुढच्या महालक्ष्म्यांपर्यंत तरी उघडंल का, ते सांगता येत न्हाई बाबा.”

“मी विचारलं का तुला?” गिरिधरराव म्हणाले.

अपूर्वनं ताटावरून मान वर केली. उजवा हात पुरणानं भरला होता, म्हणून त्यानं डाव्या हाताच्या मनगटानं डोळे पुसले. मग आत हाक मारून म्हणाला, “आई, एक पोळी आण गं. बाबांना पण.”